पुलावरचा चंपतराव

अंकुर बोलायचा थांबला, हे घरातल्यांना आधी खरंच वाटेना. नागपूरच्या इतवारीतल्या साड्यांच्या दुकानात गादीवर बसून हा माणूस दिवसभर बोलायचा, आणि हुडकेश्वरला घरी आला की उरलेलं बोलायचा. एक साडी घ्यायला आलेली बाई दोन घेऊन उठायची आणि जाता जाता आपल्या सुनेची तक्रारही सांगून जायची. आजोबांनी उमरेडला हातमागावर साड्या विणल्या, वडील कोराडीच्या वीज केंद्रात लागले, आणि अंकुरने दुसऱ्यांनी विणलेल्या साड्या तोंडाच्या जोरावर विकल्या.

मग गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी ठरली, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आवाज मात्र बसला तो बसलाच. आवाजाचे व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, रोज बोला, घोगरं तर घोगरं, पण बोला. गळा वापरलाच नाही, तर आवाज परत यायचा नाही. अंकुरने एकदा दुकानात तोंड उघडून पाहिलं. समोरच्या मुलीने हसू दाबायला ओढणी तोंडाला लावली, आणि अंकुरने कानाला खडा लावला. आता तो मोबाईलवर लिहून दाखवायचा. फोन आला तर उचलायचा नाही. दुकानात मागच्या खोलीत बसून घड्या घालायचा.

त्याची धाकटी बहीण ऋतुजा प्रताप नगरहून दर रविवारी यायची. तिने रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली, एकदा चक्क रडूनही पाहिलं. डाळ शिजली नाही. दादा मान डोलवायचा आणि पेपरात डोकं घालायचा. महिने चालले होते, आणि तिला भीती वाटायची ती एवढीच, की असंच चाललं तर हा कायमचा मुका होऊन बसेल, आणि तेही नुसत्या लाजेपायी.

या रविवारी ती लॅपटॉप आणि नऊ वर्षांची लेक आर्वी, दोघांना घेऊन आली. दादाला बोलतं करायचा काही डाव नव्हता बरं का. डाव खेळून ती थकली होती. आठवडाभरात इंटरनेटवर तिला लहानपणीचा एक गेम सापडला होता. कोणीतरी तो नव्याने काढला होता, खाली इंग्रजी पाट्यांसकट. तो पाहून तिला इतका आनंद झाला होता की एकटीने खेळणं तिला पाप वाटलं.

कोराडीच्या क्वार्टरमध्ये वडिलांनी कॉम्प्युटर आणला, तेव्हा तो जोडून देणाऱ्याने ही सीडी फुकट दिली होती. फुकट का दिली, ते लावल्यावर कळलं. सगळा गेम कुठल्यातरी परदेशी भाषेत होता. ती जर्मन होती हे पुढे कधीतरी समजलं. पण चित्रं अशी होती की बघत राहावं. एक साळू, अंगावर काटे, पायात बूट, गावातून चाललेला. माऊसने ज्याच्यावर बोट ठेवावं ते काहीतरी करायचं. नळावर क्लिक केलं की मासा डोकावायचा. टोपीवर केलं की चिमणी उडायची. वरच्या खिडकीवर केलं की एक म्हातारी धाडकन खिडकी लावून घ्यायची. त्या म्हातारीला छळण्यात या दोघांच्या किती संध्याकाळी गेल्या, देव जाणे. गेम पुढे नेण्याची घाई कोणाला होती?

आणि कोण काय बोलतंय, ते दादा सांगायचा. बेधडक. "तुले नाई समजत, मले समजते," म्हणायचा. ऋतुजाचा त्याच्यावर देवासारखा विश्वास होता.

काजल, म्हणजे अंकुरची बायको, स्वयंपाकघरात कणीक मळत होती. अंकुर खिडकीशी पेपर घेऊन बसला होता. गेमचं संगीत सुरू झालं, तशी त्याची मान वर झाली. मग पुन्हा खाली गेली.

"आई, हा म्हणतो त्याचा कंदील हरवला," आर्वीने पाटी वाचली.

"कंदील?" ऋतुजा हसली. "नाही गं. त्याची बायको रुसून माहेरी गेलेली असते. शालिकराम तिला आणायला निघालाय."

"शालिकराम कोण?"

"हाच. साळू."

"इथे तर तसं काहीच नाहीये."

ऋतुजाने पुढच्या दोन-चार पाट्या स्वतः वाचल्या. खरंच नव्हतं. ना रुसलेली बायको, ना माहेर, ना शालिकराम. बेडूक फक्त 'आज टपाल नाही' म्हणत होता. बकरी म्हणत होती, 'हवा छान आहे.' इतकी वर्षं जो गेम तिने उराशी जपला, तो त्या सीडीत कधी नव्हताच. तो सगळा दादाच्या तोंडातून आला होता. तिने चोरून खिडकीकडे पाहिलं. दादा पेपराचं तेच पान केव्हाचा वाचत होता.

"मला तुझीच गोष्ट सांग," आर्वीने पाट्या बंद करून टाकल्या. "कंदिलाची बोअर आहे."

आता आली का पंचाईत! ऋतुजा बँकेत नोकरी करते, हिशेब चोख ठेवते, पण गोष्ट सांगणं तिच्या बापजन्मी जमलेलं नाही. "मग शालिकराम बेडकाकडे गेला," ती म्हणाली. "बेडूक पोस्टमन असतो. तो म्हणाला, नमस्कार, तुमचं पत्र आलेलं नाही." आर्वीने जांभई दिली. खिडकीशी पेपर खसखसला. "मग बकरी म्हणाली, या, बसा, चहा घ्या."

"चहा नाई."

आवाज फाटका होता. अर्धा शब्द घशातच राहिला होता. स्वयंपाकघरातलं कणकेचं परातीवर आपटणं थांबलं. ऋतुजाने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं तर तो गप्प होईल, असं तिला वाटलं, आणि ती पडद्याकडेच बघत राहिली.

"बकरी चहा नाई पाजत कोणाले," अंकुर म्हणाला. "ते साखर मांगाले आली. चिकट बाई हाय."

आर्वीला असल्या नाजूक गोष्टी कळत नव्हत्या, हे फार बरं झालं. "मग बेडूक काय म्हणाला, मामा?"

अंकुर खुर्ची ओढून जवळ आला. घसा खाकरला. "बेडूक म्हणे, काहून आला गा शालिकराम? बायको पळाली वाटते तुही!"

आर्वी खिदळली. अंकुरचं तोंड तिथल्या तिथे मिटलं. ऋतुजाला वाटलं, दुकानातली तीच ओढणी, तेच हसू, संपलं आता.

"मामा, काय भारी बेडूक काढला तू!" आर्वी म्हणाली. "अगदी तोच आवाज! पुन्हा काढ ना!"

अंकुर तिच्याकडे बघत राहिला. पोरीच्या डोळ्यांत कौतुकाशिवाय काही नव्हतं. मग त्याने बेडूक पुन्हा काढला, मुद्दाम जास्त घोगरा. काजल कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली, आणि डोळे पुसायची सोय नसल्यामुळे तशीच उभी राहिली.

खेळत खेळत शालिकराम पुलापाशी आला. पूल वर उचललेला आणि त्याच्यापुढे एका पायावर बगळा. या बगळ्यापुढे भावंडं कधीच गेली नव्हती. त्याला मासा दिला, टोपी दिली, दगड दिला, त्याच्या अंगावर इंचाइंचाने क्लिक केलं. तो दरवेळी काहीतरी पुटपुटायचा आणि जागचा हलायचा नाही. दादाने त्याचं नाव चंपतराव ठेवलं होतं, कॉलनीच्या गेटवरच्या चौकीदारावरून.

"हा काय म्हणतो?"

मग अंकुरने चंपतराव सांगायला घेतला. त्याचा दुखरा गुडघा, त्याची ड्युटी, त्याच्या साहेबाचा तापट स्वभाव, वीज केंद्राच्या राखेने काळी होणारी त्याची पांढरी पिसं. आवाज मध्येच जायचा. तो पाण्याचा घोट घ्यायचा आणि पुढे सांगायचा. कोणाचं माऊसकडे लक्षच राहिलं नाही. आर्वी मामाच्या तोंडाकडे बघत होती, आणि ऋतुजाही.

करकर असा आवाज आला. तिघांनी पडद्याकडे पाहिलं. बगळ्याचे डोळे मिटले होते, मान पंखात गेली होती, आणि पूल हळूहळू खाली येत होता. त्याला काही द्यायचं नव्हतंच. जरा वेळ कोणी छळलं नाही की तो झोपी जाणार होता. लहानपणी या दोघांनी त्याला तेवढी उसंत कधी दिली नव्हती. झोपेत बगळा काहीतरी पुटपुटला.

"आता काय म्हणाला?" आर्वीने विचारलं.

ऋतुजाला माहीत होतं. कोराडीत रोज संध्याकाळी, अक्कल चालेनाशी झाली की, दादा बगळ्याच्या तोंडी एकच वाक्य घालायचा आणि कॉम्प्युटर बंद करायचा.

"चंपतराव म्हणून राहिला," अंकुर म्हणाला, "जा गा पोट्टेहो, जेवाले जा. उद्या या."

"पण पूल तर उघडला!"

"पूल कुठी पळून चालला? उद्या या."

"उद्या माझी शाळा आहे."

अंकुर घोटभर पाणी प्यायला. "मंग संध्याकाळी फोन लाव, आर्वी डेपो. मी सांगतो."

आर्वी डेपो! पोरीचं नाव ठेवलं, तेव्हापासून वर्ध्याकडच्या आर्वी गावच्या एसटी बसवरून त्याने चालवलेली ही थट्टा ऑपरेशननंतर कोणी ऐकली नव्हती. ऋतुजा उठून ताटं घ्यायला गेली आणि स्वयंपाकघरात काजलच्या खांद्यावर डोकं ठेवून मनसोक्त रडली.

सोमवारी संध्याकाळी आर्वीने लॅपटॉप पुलापाशी उघडून ठेवला आणि मामाला फोन लावला. रिंग वाजत राहिली. फोन उचलायचा नाही ही त्याची सवय ऋतुजाला पाठ होती. ती लेकीच्या शेजारी बसून होती, आणि मामाला काम असेल, असं कसं समजवायचं, ते मनात जुळवत होती.

रिंग थांबली. पलीकडे कोणीतरी घसा खाकरला.

"हालो," तो फाटका आवाज म्हणाला. "चंपतराव बोलून राहिलो."