वाकडा म्हणाल तर याद राखा

मित्रांनो, मी एक जुना कोयता आहे आणि मी वाकडा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मला हातात घेणारी बहुतेक माणसं पहिल्या घावानंतर हाच शब्द उच्चारतात. माझ्या मुठीला चीर गेली आहे, पाठीवर गंजाचे डाग आहेत आणि माझी चोच पूर्वीइतकी टोकदार राहिलेली नाही. एवढं मी मान्य करतो. याच्या पुढे एक अक्षर ऐकून घेणार नाही.

माझा जन्म एका भांडणातून झाला. एके सकाळी एक तरुण बाई लोहाराच्या भट्टीवर तावातावाने आली. ती लोकांना जंगलात सहलीला नेई, पडलेल्या फांद्यांचा निवारा कसा उभारायचा, विस्तव कसा पेटवायचा, लाकडाचा चमचा कसा कोरायचा हे शिकवी. तिने लोहाराकडूनच नेलेला कोयता त्याच्यापुढे आदळला.

"तुमचा कोयता लाकडाला धरतच नाही. घाव इथे घालते, जातो तिकडे!"

"माझा कोयता आणि घाव चुकवतो?" लोहार घण टाकून उठला. "घाल बरं माझ्यासमोर!"

तिने ओंडक्यावर घाव घातला. कोयता सटकला. लोहाराने कोयत्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे पाहिलं आणि इतका हसला की भात्यावरचा माणूसही थांबला.

"अगं, तू डावखुरी! आधी नाही सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

आता जरा नीट ऐका. आम्हा कोयत्यांना दोन गाल असतात. एक सपाट असतो आणि दुसऱ्याला धारेपाशी उतार दिलेला असतो. नेहमीच्या कोयत्याचा उतार उजव्या गालावर असतो, म्हणजे उजव्या हाताने घाव घातला की सपाट गाल लाकडाला टेकून सरळ जातो. तोच कोयता डाव्या हातात दिला की तो लाकडावरून घसरतो. यात ना कोयत्याची चूक, ना हाताची. लोहाराने मग नवं लोखंड तापवलं, ऐरणीवर ठोकून मला घडवलं आणि माझा उतार डाव्या गालावर काढला. मला तिच्या हाती देताना तो म्हणाला, "जपून ठेव. दुसऱ्या कुणाच्या हातात गेला तर बिचारा फुकट शिव्या खाईल." मला ते 'बिचारा' अजिबात आवडलं नाही. शिव्यांचं मात्र त्याने खरं सांगितलं होतं.

पुढची वर्षं माझ्या अभिमानाची. सहलीच्या आदल्या दिवशी ती जमिनीवर जुनी चादर अंथरी आणि सगळी हत्यारं तिच्यावर मांडी. मग एकेक उचलून विचारी, "तुझं काम दुसरं कुणी करतंय का?" करत असेल, तर ते हत्यार पुन्हा फळीवर जाई. लहान सुरी चमचा कोरायला हवी, म्हणून ती पिशवीत. मनगटाएवढी फांदी आडवी कापायला घडीची करवत हवी, म्हणून तीही पिशवीत. हातकुऱ्हाड बहुतेक वेळा घरीच राही, कारण ती जड होती आणि तिचं निम्मं काम मी करत असे. ती फुगून बसे. बसू दे.

माझी खरी परीक्षा पावसाळी दिवसांत होई. एकदा सगळं रान भिजून चिंब झालं होतं आणि सोबतची माणसं कुडकुडत होती. तिने एक वाळलेली, पडलेली फांदी उभी धरली, तिच्यावर मला टेकवलं आणि माझ्या पाठीवर दांडक्याने ठोकलं. फांदी दुभंगली. आतला गाभा कोरडा निघाला. त्याच्या पातळ साली तासून त्यांवर विस्तव धरला आणि माणसांच्या तोंडांवर रंग आला. "तुम्हाला किती सहज जमतं हो!" कुणीतरी म्हणालं. तिने मला म्यानात सरकवत उत्तर दिलं, "हा तर माझ्या डाव्या हातचा मळ!" सगळे हसले. मीही हसलो असतो, पण लोखंडाला ती सोय नाही. उभ्या जिवंत झाडाला मात्र तिने मला कधी लावलं नाही.

मग तिचे गुडघे गेले. सहली तिच्या भाच्याने सांभाळायला घेतल्या आणि ती घरात सगळ्यांची मावशी होऊन खुर्चीत बसली. भाचा वाईट नव्हता. रोज संध्याकाळी तो मावशीच्या गुडघ्यांना तेल लावी. पण त्याला सामानाचं भारी वेड. त्याच्या मोठ्या सुरीच्या पाठीवर दाते होते, मुठीत होकायंत्र होतं आणि होकायंत्राच्या मागे काड्या ठेवायला कप्पा होता. मी मनातल्या मनात त्याचं नाव सामानवाला ठेवलं.

त्याने मला उजव्या हातात घेतलं आणि घाव घातला. मी घसरलो. "मावशी, हा वाकडा झालाय गं!" तो ओरडला.

"माझ्या हाताचा आहे तो," मावशी आतून म्हणाली. "तुला नाही लागायचा."

भाच्याचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, मावशी मायेपोटी बोलते आहे, जुन्या सोबत्याची आठवण काढते आहे. त्याने मला हळुवारपणे पुसलं आणि खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून तिच्या फटीत खोचून दिलं. मित्रांनो, ज्याने चिंब रानात विस्तव दिला, तो मी खिडकीची पाचर झालो. एखाद्याला बाजूला सारलं की लोक म्हणतात, त्याला डावललं. त्या शब्दातसुद्धा डावा बसला आहे. खिडकीत बसून मला या शब्दाचा फार राग येई.

त्याच घरात आणखी एक माणूस डावललं गेलं होतं. भाच्याची बायको. तिला जंगलाची मनापासून ओढ होती. पण पहिल्याच सहलीत ती दातेरी सुरी तिच्या हातून सटकली आणि बोटाला लागलं. तेव्हापासून भाचा म्हणे, "तुझ्या हातात हत्यार नको बाई. तू आपली चहाचं बघ." लहानपणी डाव्या हाताने पाटीवर लिहिलं म्हणून तिला पट्टी खावी लागली होती. त्यानंतर तिने सगळी कामं उजव्या हातावर टाकली आणि तो हात आयुष्यभर कुरकुरत राहिला. हे सगळं तिनेच त्या खिडकीशी उभं राहून आपल्या बहिणीला फोनवर हसत हसत सांगितलं होतं. त्या हसण्यात हसू फारसं नव्हतं.

यंदा मावशीचे गुडघे जरा बरे झाले. तिला गाडीने रानाच्या कडेपर्यंत न्यायचं ठरलं. भाच्याच्या मनात आलं, मावशीचा लाडका कोयता सरळ करून आणू, तिला न सांगता. त्याने मला बायकोकडे दिलं. "धारवाल्याला सांग, उतार चुकीच्या बाजूला गेलाय. मोडून नीट करून दे म्हणावं."

धारवाल्याने माझ्यावरून अंगठा फिरवला. "उलटाच घासलाय की कुणीतरी. डावा गाल सपाट करतो, उजवीकडे उतार काढतो. थोडा झिजेल, पण सरळ होईल. आधी या कात्र्या होऊ द्या."

चाक फिरत होतं आणि ठिणग्या उडत होत्या. मी भ्यालो होतो, खोटं कशाला बोलू? पण भीतीपेक्षा संताप मोठा होता. हजारदा घसरलो असेन, पण चुकीच्या हातात घसरलो. त्याची शिक्षा माझ्या गालाला का?

भाच्याच्या बायकोच्या उजव्या हातात भाजीची पिशवी होती. वेळ जाईना, म्हणून तिने मला डाव्या हातात उचललं आणि तिथल्या मोडक्या खोक्याच्या फळीवर सहज टेकवलं. मी ही संधी सोडणार नव्हतो. अशी धरली ती फळी की लांब, गुंडाळलेली साल निघाली. ती चपापली. पुन्हा टेकवलं, पुन्हा साल. मग पिशवी खाली ठेवून तिने मला उजव्या हातात घेतलं आणि मी घसरलो. डाव्या हातात घेतलं आणि मी सरळ गेलो.

"आणा तो वाकडा," धारवाला म्हणाला.

"वाकडा नाही," ती म्हणाली. "डावा आहे. आहे त्याच बाजूला धार लावा. दुसऱ्या गालाला हात लावायचा नाही."

घरी चादर अंथरली होती आणि भाच्याच्या सामानाने ती भरून गेली होती. तिने मला मधोमध ठेवलं.

"अगं, हा सरळ नाही केला?" भाचा म्हणाला. "आणि तू कशाला हत्यारांच्या नादी लागतेस? पुन्हा लागेल."

तिने एक काटकी घेतली, मला डाव्या हातात धरलं आणि सरसर तासून तंबूची खुंटी काढली. खुंटी टोकदार झाली होती, एकसारखी झाली होती. खुर्चीतली मावशी पुढे वाकली.

"सूनबाई, तू डावखुरी? आधी नाही सांगायचं?"

"तुम्ही विचारलंत कुठे, मावशी?"

मावशी एवढी हसली की तिला गुडघे धरावे लागले. भाचा गोंधळून म्हणाला, "पण मावशी, तूच म्हणाली होतीस ना, तुझ्या हाताचा आहे म्हणून?"

"हो. डाव्या हाताचा. मग तुला काय वाटलं?"

मावशीने दातेरी सुरी उचलली, होकायंत्र पाहिलं, काड्यांचा कप्पा उघडून पाहिला आणि विचारलं, "तुझं काम दुसरं कुणी करतंय का?" सुरी फळीवर गेली. भाच्याचा चेहरा फुगलेल्या हातकुऱ्हाडीसारखा झाला. मग त्याने स्वतःच माझं म्यान शोधून आणलं, त्यावरची धूळ पुसली आणि बायकोच्या हातात दिलं. ती सगळ्यांसमोर ते डाव्या कमरेला बांधू लागली आणि तिचे डोळे भरले. या वेळी डोळे भरायला कारण खरं होतं.

मित्रांनो, आम्हाला कोरडं ठेवा, काम झालं की तेलाचा हात फिरवा आणि जिवंत झाडाला लावू नका. तुम्ही तेवढं कराल, मला ठाऊक आहे. माझं मागणं त्याहून मोठं आहे. एखादं हत्यार किंवा एखादं माणूस तुमच्याकडे सारखं चुकत असेल, तर त्याला चाकावर धरण्याआधी एकदा हात बदलून पाहा. आणि एवढं ऐकूनही मला वाकडा म्हणायचं असेल, तर माझ्या पाठीमागे म्हणावं लागेल. कारण मी आता रानात चाललो आहे.