थंड खोलीचं दार

बायको गेल्यावर मी देवाची भाकर बंद केली.

चर्चमध्ये रविवारी प्रभुभोजनात सगळ्यांना वाटतात ती भाकर आमच्या बेकरीतून जायची, माझ्या वडिलांच्या वेळेपासून. शनिवारी चर्चचे पाळक विचारायला आले तेव्हा मी ट्रे पुसत होतो. मान वर न करता म्हणालो, "उद्या भाकर मिळणार नाही. देवाला म्हणावं, एक दिवस उपाशी राहा."

पाळक वयाने माझ्या मुलाएवढे. ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. "बरं काका," एवढंच म्हणाले आणि गेले.

माझं म्हणणं सरळ होतं. आयुष्यभर त्याला भाकर दिली. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. त्याने दिली नाही. आता मीही देणार नाही.

तिने हे ऐकलं असतं तर हसली असती. भाकर जरा करपली की मी डोक्यात राख घालून घ्यायचो, तेव्हा ती म्हणायची, "तो काय तुमच्या पावावर जगतोय? देवाला भूक लागत नाही हो. आपल्याला लागते."

रविवारी बेकरी बंद असते. पण घर खायला उठलं म्हणून मी सकाळीच खाली बेकरीत उतरलो आणि सोमवारचं पीठ मळून ठेवलं. मळलेलं पीठ आम्ही थंड खोलीत ठेवतो, म्हणजे ते हळूहळू फुगतं. या खोलीचं दार जाड आहे आणि आपोआप लागतं. आतून उघडायचा खटका कधीचाच मोडलाय. तो दुरुस्त करायची वेळ आली नाही, कारण ती होती. मी ट्रे आत न्यायचो आणि ती दाराला पाठ लावून उभी राहायची. तोंडाचा पट्टा चालू असायचाच. "आटपा लवकर. लोकांच्या बायका दागिने घालून मिरवतात, मी इथे तुमच्या दाराला अडणा म्हणून उभी."

ती गेल्यापासून मी दारात पिठाचं पोतं सरकवून ठेवतो. त्या दिवशी पोतं भिंतीशीच राहिलं. दोन्ही हातांत ट्रे होता, डोक्यात आज खमीर मंद आहे हा विचार. कोपराने दार ओढलं, आत पाऊल टाकलं आणि मागे न बघता म्हणालो, "धर गं."

दार माझ्या पाठीमागे लागलं.

ट्रे हातात धरून मी तसाच उभा राहिलो. मग तो फळीवर ठेवला. खटक्याच्या भोकात बोट घालून पाहिलं, ॲप्रनच्या खिशातला चमचा घालून पाहिला, धक्के मारले. खांदा दुखला, दार हललं नाही. हाका मारल्या, त्या पंख्याच्या घरघरीत बुडाल्या. फोन वर जेवणाच्या टेबलावर. मुलगा परगावी. कामगार सोमवारी पहाटे येणार, तोपर्यंत इकडे चिटपाखरू फिरकणार नव्हतं. अंगात पातळ सदरा आणि वर ॲप्रन.

लोण्याच्या खोक्यावर बसलो. आधी बोटं बधिर झाली, मग पाय. समोर फळ्यांवर आख्ख्या गल्लीला पुरेल एवढं पीठ होतं, लोणी होतं, अंडी होती. त्यातलं काही दार उघडू शकत नव्हतं.

मग मी देवाशी बोललो. त्याच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण तिथे दुसरं होतं कोण?

म्हणालो, "मला बाहेर काढ. पुढच्या रविवारपासून भाकर पुन्हा चालू करतो."

स्वतःच्याच कानांना ते कसंसं वाटलं. गिऱ्हाईक रुसलं की दोन पाव जास्त घालावेत, तसं. तिच्या आजारातही मी असंच बोललो होतो. इतकी वर्षं दिलं, आता तू दे. पण त्याला माझ्या भाकरीवाचून काय अडलं होतं? ती बंद करून मी कोणाला उपाशी ठेवलं? उपाशी होतो तो घरात एकटा मीच.

दात वाजायला लागले होते. मी पुन्हा म्हणालो, "माझ्याकडे द्यायला काही नाही. मला काढ." याच्यापुढे काही सुचलं नाही. कोपऱ्यातला रिकामा ट्रे उचलून दारावर आपटत राहिलो. हात थकला की खोक्यावर जाऊन बसायचो, मग पुन्हा. शेवटी उठवेना, तेव्हा बसल्या बसल्या ट्रे फरशीवर आपटत राहिलो.

किती वेळ गेला कोण जाणे. दार अचानक उघडलं आणि ट्रे माझ्या हातातून पडला. समोर पाळक उभे होते, उपासनेच्या कपड्यांतच.

"मागचं दार उघडंच होतं," ते म्हणाले. "काका, आत काय करताय?"

"भाकरीसाठी आलात?"

"भाकर झाली. तुमच्या मेहुणीने भाजली."

"तिला कुठे येते?"

"नाहीच येत. माझी दाढ अजून ठणकतेय. म्हणत होत्या, दाजींना सांगू नका, आयुष्यभर ऐकवतील."

म्हणजे काही अडलं नव्हतं. मला राग यायला हवा होता. थंडीने तोही आला नाही.

"मग कशाला आलात?"

"तुम्ही आला नाहीत म्हणून."

मला उठता येईना. गुडघे लाकडासारखे झाले होते. पाळक आत यायला निघाले, तसा मी घाईने म्हणालो, "दार सोडू नका."

ते थांबले. दाराला पाठ लावून त्यांनी हात पुढे केला. तो मला पुरत नव्हता. मी खोक्यावरून खाली बसलो आणि फरशीवरून सरकत त्यांच्यापर्यंत गेलो, तान्ह्या मुलासारखा. त्यांनी मनगट धरून मला उंबऱ्याबाहेर ओढलं.

मग खिशातून रुमाल काढला. त्यात भाकरीचा तुकडा होता.

"तुमचा वाटा," ते म्हणाले.

माझी बोटं वळत नव्हती. त्यांनी तो माझ्या तोंडात घातला. भाकर खरोखरच दगड झाली होती, वर मीठ जास्त. चावायची ताकद नव्हती, म्हणून ती मऊ होईपर्यंत मी फरशीवर बसून राहिलो. मी बाहेर आलो होतो, तरी पाळक दाराला पाठ लावूनच उभे होते. सोडा म्हणून मीही सांगितलं नाही.