तिरक्या दांड्याची नजर

मित्रांनो, मी एक जुना, तिरका लोखंडी दांडा आहे. एका गोल टपाच्या मोटारीत, पुढच्या डाव्या चाकापाशी माझी जागा. उजव्या चाकापाशी माझा जुळा भाऊ असतो आणि आम्हा दोघांना एक लांब दांडी जोडते. स्टिअरिंग फिरले की ती सरकते आणि आम्ही चाके वळवतो.

आम्हाला घडवणाऱ्याने आम्हाला तापवून मुद्दाम आतल्या बाजूला तिरके केले. "यांची नजर मागच्या कण्याच्या मध्यावर हवी," असे तो म्हणाला होता. तेव्हापासून आम्ही तिकडेच, मागची दोन चाके जोडणाऱ्या त्या कण्याकडे, बघत आलो. का, ते विचारायचे सुचले नाही.

गाडी आत्याची; सगळे तिला आत्याच म्हणत. आत्या जनावरांची डॉक्टर, त्यामुळे मागच्या सीटवर कधी लंगडे वासरू, कधी रुसलेली शेळी. तिच्या गल्लीच्या टोकाला एक अरुंद कोपरा होता. तो ती गुणगुणत, एका दमात घ्यायची. आतले चाक जास्त वळे, बाहेरचे जरा कमी, आणि चारही चाके एकाच न दिसणाऱ्या खुंटीभोवती फिरत. टायरचा आवाज म्हणून नसे. मला गोड गुंगी यायची. वाटायचे, गाडी वळतच नाही, जगच झोपेत कूस बदलते आहे.

वय झाले, आत्याने काम सोडले आणि गाडी शेडमध्ये चादरीखाली गेली. धूळ साचली. मी त्या कोपऱ्याची स्वप्ने बघत राहिलो.

मग एक दिवस तिच्या भाच्याने चादर ओढली. पोरगा हौशी आणि हाताचा चांगला, पण उतावळा. आत्याने पुन्हा गाडी चालवावी, हा त्याचा ध्यास.

"आत्या, पुढचे दोन्ही दांडे वाकलेत! कुठे आदळली होतीस?"

"आदळली असेल. आता आठवतंय थोडंच?"

झाले! भाच्याने नवे सरळसोट दांडे बसवले, मधली दांडीही बदलली आणि आमची रवानगी भंगाराच्या डब्यात केली. डबा शेडच्या दारात होता आणि दारासमोरच तो कोपरा, म्हणून पुढचे सगळे मला दिसले नि ऐकू आले.

आत्या आनंदाने गाडीत बसली. कोपरा आला, दोन्ही चाके सारखीच वळली आणि टायर किंचाळले. स्टिअरिंग जड झाले, गाडीचे नाक भिंतीशी जाऊन थांबले. तिने मागे घेऊन पुन्हा बघितले. पुन्हा तेच. मग इंजिन बंद करून ती आपल्या हातांकडे बघत बसली.

"माझे हातच गेले रे. विकून टाक गाडी."

"अगं, सवय राहिली नाही, एवढंच."

"उगाच समजूत घालू नकोस."

मला ओरडून सांगावेसे वाटले, की तुझे हात चांगले आहेत ग! पण लोखंडाचे कोण ऐकतो?

गिऱ्हाईक यायचे होते त्या दुपारी आत्याचा चेहरा बघवेना. भाच्याने तिला हाताला धरून फिरायला काढले. कोपऱ्यावर ती एकदम करवादली.

"अरे, ढकलतोस काय! मी आतल्या बाजूला आहे, मला चटकन वळायला हवं. तू बाहेरून सावकाश ये."

"आणि दोघं सारखेच वळलो तर?"

"तर आपटू एकमेकांवर. एवढंही कळत नाही?"

भाचा जागच्या जागी थांबला. मग धावतच शेडमध्ये आला आणि त्याने डबा उपडा केला. आम्हाला जुन्या दांडीसकट जागेवर बसवून त्याने आमच्या तिरक्या रेषेत दोन सुतळ्या मागे ताणल्या. मागच्या कण्याच्या मध्यावर त्या भेटल्या. तोवर आत्या दारात येऊन उभी होती.

"आत्या, तुझे हात ठीक आहेत. मीच गाढव."

"दुसरं मला माहीत होतं," आत्या म्हणाली. "पहिलं पुन्हा सांग."

गिऱ्हाईक हात हलवत परत गेले. संध्याकाळी आत्याने कोपरा एका दमात घेतला, गुणगुणत. जगाने कूस बदलली.

म्हणून मित्रांनो, तिरके दिसले की सरळ करायला धावू नका. ते कुठे बघते आहे, ते आधी बघा. आणि कुणी म्हातारे माणूस आपले हात गेले म्हणाले, तर लगेच मान डोलावू नका. खाली वाकून आधी आम्हाला तपासा.