चेअरमनच्या जागी हरिबा

केजच्या बसस्टँडमागे राधाकिशनचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं आणि तालुक्यातल्या निम्म्या जोडप्यांना त्यानं स्वित्झर्लंड दाखवलं होतं. जोडपं बदामात घालायचं, बदाम बर्फावर ठेवायचा, वरून पाकळ्या सोडायच्या, एवढ्यावर त्याचं नाव झालेलं. हलत्या माणसाला चित्रातून कापून काढायची वेळ मात्र त्याच्यावर कधी आली नव्हती. ती हरिबानं आणली.

त्याचं असं झालं. चेअरमन सुंदरराव यांच्या सहकारी संस्थेनं त्या दुष्काळी साली दोन कामं काढली होती. जनावरांसाठी चारा छावणी आणि मुलींसाठी सामुदायिक विवाह. चारा आणि नवरा, दोन्ही सहकारी तत्त्वावर. हरिबाच्या म्हशी छावणीत होत्या आणि एकुलती पोरगी तारा मांडवात. नेमकं लग्नाच्याच दिवशी छावणी तपासायला पथक आलं. ज्याचं जनावर त्याच्या घरचं कुणीतरी दावणीपाशी उभं पाहिजे, नाहीतर जनावर छावणीबाहेर, असा नियम. नवराबायकोपैकी एकालाच मांडवात जाता येत होतं. साखराबाई गेली, हरिबा म्हशींपाशी उभा राहिला. पथकानं जाताजाता म्हशींचं कौतुक केलं.

इकडे मांडवात व्याहीभेटीची वेळ झाली. नवऱ्यामुलाचा बाप धुळाजी हात पसरून उभा, आणि समोर कुणीच नाही. सुंदररावांना कुठलीही रिकामी जागा बघवत नसे. सगळ्या पोरींचा बाप मीच, असं माइकवर सांगून त्यांनी धुळाजीला मिठी मारली. धुळाजीची भावकी तेवढ्यात पंगतीत जाऊन बसली होती, त्यामुळे ही भेट पाहिली ती फक्त राधाकिशनच्या कॅमेऱ्यानं.

धुळाजी आष्टीकडचा. गावी गेल्यावर भावकीनं त्याला विचारून विचारून हैराण केलं, की बाबा, तुझा व्याही होता कुठं. त्यानं सगळा राग एका वाक्यात काढला. ज्या बापानं मांडवात तोंड दाखवलं नाही, त्याच्या घरी सून कावून धाडायची? नागपंचमी आली, गेली. तारा माहेरी आली नाही. साखराबाईनं झाडाला बांधलेला झोका तसाच सोडून घेतला.

हरिबा दुकानात येऊन बसला तेव्हा राधाकिशननं सवयीनं त्याच्यापुढं बर्फाचे नमुने लावले. हरिबा सगळे नीट बघून म्हणाला, "स्वित्झर्लंड नगं, भाऊ. मला मांडवात न्या."

राधाकिशननं त्याला समजावलं, की मामा, हे लई किचकट काम असतं. एका सेकंदात पंचवीस चित्रं. प्रत्येक चित्रात माणसाच्या कडेकडेनं टिंबं मांडायची, त्यांची रेघ करायची. पुढच्या चित्रात माणूस तसूभर हललेला असतो, की सगळी टिंबं परत तसूभर सरकवायची. हरिबानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, मेंढरं राखण्यापेक्षा अवघड का? राधाकिशननं कधी मेंढरं राखली नव्हती. त्यानं काम घेतलं.

सुंदरराव कापायला फार वाईट निघाले. खुर्ची सोडली तर हा माणूस कुठंच स्थिर नसे. मिठीत असतानाही मान कॅमेऱ्याकडे, एक हात लोकांकडे, आणि उपरणं स्वतंत्रपणे वाऱ्यावर. राधाकिशन टिंबं सरकवत राहिला. त्यात माणूस काढला की त्याच्या जागी भोक पडतं, ते मागच्या देखाव्यानं बुजवावं लागतं. मागचा देखावा दिसायला सुंदरराव जरा बाजूला व्हायला हवेत, आणि ते बाजूला होईनात. अख्खं लग्न उलटसुलट पाहिल्यावर एक जागा सापडली, जिथं ते शिंकायला वळले होते. तिथून मागचा कपडा उचलून भोकावर लावला, तर कपड्यावर बॅनर, आणि बॅनरवर हात जोडून सुंदरराव. पुढचे गेले, मागचे उरले. राधाकिशननं तेवढे राहू दिले. मांडव संस्थेचा आहे, हे लोकांना पटायला तेवढं हवंच होतं.

मग हरिबाचं शूटिंग. छावणीवर सावलीसाठी हिरवी जाळी ताणली होती. त्या साली तालुक्यात हिरवं म्हणून तेवढंच. हिरव्यापुढं उभा केलेला माणूस कॉम्प्युटर आपोआप उचलतो, असं राधाकिशननं ऐकलं होतं. त्यानं हरिबाला जाळीपुढं उभं करून हवेला मिठी मारायला लावली. छावणीतली माणसं कडबा सोडून बघायला आली, आणि उन्हानं हरिबाच्या डोक्यावर परिणाम झाल्याची बातमी साखराबाईपर्यंत गेली. जाळीला भोकं होती. कॉम्प्युटरनं हरिबाला उचललं ते निम्म्या जाळीसकट आणि मागच्या म्हशीच्या शेपटासकट. म्हणजे हरिबालाही हातानंच, टिंबंटिंबं करून कापणं आलं.

तेही केलं. पण चित्र जुळवल्यावर राधाकिशननं कपाळाला हात लावला. धुळाजीचे हात सुंदररावांच्या घेराला पसरलेले, आणि आत हरिबा, रांजणात रवी उभी करावी तसा. ते बघून साखराबाईनं विचारलं, "घोंगडी कावून काढून ठिवली व्हती वो? लेकीच्या लग्नात उघड्या अंगानं जात्यात का?"

घोंगडी दुमडून, पांघरून हरिबा परत जाळीपुढं उभा राहिला. चेअरमनचा घेर घोंगडीनं भरून काढला. मिठी अशी गच्च बसली, की राधाकिशननं आपणच आपल्याला चहा पाजला.

सीडी लावायला तो स्वतः हरिबाबरोबर आष्टीकडे गेला. म्हशींपाशी साखराबाई थांबली. धुळाजी आजवर सीडी लावूच देत नव्हता, पण भावकीतल्या बंकटनं, लपवायचं काय हाय, असं म्हणून म्हणून त्याला टेकीस आणलं होतं. अंगणात टीव्ही मांडला. भावकी पुढं, हरिबा मागं उंबऱ्यापाशी, आणि तारा दाराआड.

अक्षता झाल्या. व्याहीभेट आली. घोंगडी पांघरलेला हरिबा पुढं झाला आणि धुळाजीनं त्याला कवेत घेतलं. भावकीत कुजबुज झाली. दोघातिघांना आठवलंही, की होता होता, हरिबा तिथंच होता, भाताच्या पातेल्यापाशी भेटला होता. धुळाजी पडद्याकडे बघत राहिला. आपण चेअरमनला मिठी मारली होती, हे भावकीत एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

"मागं घ्या," बंकट म्हणाला. "हरिबाच्या हातात सोन्याचं घड्याळ कुठून आलं बे?"

राधाकिशननं पडद्याजवळ जाऊन पाहिलं. घोंगडीतून निघून धुळाजीची पाठ थोपटणारा हात चेअरमनचा होता. तो घोंगडीच्या कडेला इतका बेमालूम बसला होता, की काढायचाच राहून गेला. दुकानातल्या छोट्या पडद्यावर ते घड्याळ दिसलंच नव्हतं. इथं ते चांगलं चमकत होतं.

सगळी भावकी धुळाजीकडं बघायला लागली. त्यानं मिशीवरून हात फिरवला. चित्र खोटं म्हणावं, तर व्याही आला नाही हे पुन्हा अंगाला चिकटणार. खरं म्हणावं, तर घड्याळ.

"मी दिलं," धुळाजी म्हणाला. "भेटीचा मान म्हणून. सोयरीक करायची तर हात आखडून चालत न्हाई."

अंगणात एकदम आदर पसरला. बंकट मात्र सोडणाऱ्यातला नव्हता. "मग आज मनगट मोकळं कसं?"

आता सगळे हरिबाकडं वळले. हरिबानं आपलं मनगट उलटसुलट करून पाहिलं, जणू त्यालाही हे आत्ताच कळत होतं.

"म्हशी चाटत्यात," तो म्हणाला. "घरी जपून ठिवलंय. कुठं, ते तारीच्या आईलाच ठावं. आन ती परक्याच्या हाती द्यायची न्हाई. पोरीला धाडा, पाव्हणं. आणून दावील."

धुळाजीनं हरिबाकडं बराच वेळ पाहिलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच असं नीट पाहिलं असावं. त्याच्या मिशा एकदा हलल्या, पण भावकीपुढं त्यानं त्या आवरल्या. मग दाराकडं तोंड करून म्हणाला, "तारे, पिशवी भर."

पिशवी केव्हाच भरलेली होती. ती नागपंचमीच्या आधीपासून तशीच होती.

सकाळी जीपच्या थांब्यावर धुळाजी स्वतः आला. बंकटही आला होता, म्हणून धुळाजीनं त्याच्यादेखत हरिबाला कवेत घेतलं. राधाकिशननं सवयीनं दोघांच्या कडा तपासल्या. कुठं फट नव्हती, आणि हात ज्याचे त्याचे होते. बंकट बिडी आणायला टपरीकडं वळला, तसा धुळाजी जीपच्या खिडकीशी वाकला.

"घड्याळ लगीच घावंल असं न्हाई," तो सुनेला म्हणाला. "घाई करू नगंस. दिवाळीपतोर निवांत हुडक."