गोळी माझी, पाय दादाचे

"हा तो नव्हेच," म्हणत दादाने तोंड फिरवलं.

मी कपाळाला हात लावला. आठवडाभर ऑफिसांमधले प्रिंटर दुरुस्त करून दमले होते, तरी सुट्टीच्या सकाळी त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही फुकटातली सिस्टिम चढवली. आमच्या लहानपणीच्या बंदूकवाल्या गेमचा सगळ्यात देखणा नवा अवतार शोधून काढला. भिंतींवरची ओलसुद्धा दिसत होती. आणि स्वारीला पसंत नाही. अर्धांगवायूने उजवा हात गेला, आज नाक मात्र पुन्हा पहिल्यासारखं वर.

"काय वाईट आहे त्यात?"

"दार... तसं... उघडत नाही." हल्ली त्याचं बोलणं सावकाश येई.

खरं सांगते, मी आतून जाम खूश झाले. आजारपणापासून त्याचं सगळ्याला "चालेल" होतं. जेवण चालेल, टीव्ही चालेल, मी चालेल. मला माझा खुसपटं काढणारा भाऊ परत हवा होता.

लहानपणी आमच्या घरी एकच कीबोर्ड होता. दादा पळायचा, मी गोळ्या झाडायचे. त्याने "हाण" म्हटलं की हाणायचं, त्याआधी बोट हललं तर डोक्यात टपली.

मग त्या गेमचा दुसरा अवतार लावला. गेम मूळचाच, पण कुणा हौशी लोकांनी लिनक्ससाठी नव्याने बांधलेला. पळतो कसला, सुसाट! दादा डाव्या हाताने निघाला, मी गोळीच्या बटणावर बोट ठेवून बसले. दार उघडलं, राक्षस पुढ्यात.

"हा..." दादा म्हणाला. "ण" येईपर्यंत आमचा निकाल लागला होता.

पुढच्या वेळी मी न सांगताच हाणलं, तर सगळ्या गोळ्या भिंतीत. "आंधळी," दादा म्हणाला आणि चक्क हसला. कोण हसलं ते बघायला वहिनी हात पुसत बाहेर आली.

मला चेव चढला. तिसरा लावला. हा अगदी जुन्यासारखा, सगळं ठोकळ्याठोकळ्यांचं. दार घरघरत उघडलं तसा दादा खुर्चीत ताठ झाला.

"हाच," तो म्हणाला.

"बटणं... कुठं बदलतात?"

मी दाखवलं. त्याने डाव्या हाताने, चाचपडत, गोळी माझ्या बटणावरून काढून स्पेसबारवर आणली, स्वतःच्या अंगठ्याखाली. मदतीला गेले तर कोपराने ढकललं.

दार उघडलं. राक्षस आला. धाडकन आडवा झाला. दुसरा आला, तोही. मी खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी होते. दादाचे कान लाल झाले होते, जिभेचं टोक दातांत होतं, लहानपणी असायचं तसंच.

"शाब्बास रे," मी म्हटलं.

त्याने मान वळवली नाही. तो पुढच्या खोलीत शिरला होता.

माझं बोट अजून जुन्याच बटणावर होतं. मी ते हळूच दाबून पाहिलं. काहीच झालं नाही.