कापला गेलेला 'नये'

मी एक जुना कागद आहे, आणि सध्या भयंकर संतापलेला आहे. मित्रांनो, चुरगळलेला कागद दिसला की तो म्हातारा झाला असं तुम्ही समजता. कधीकधी तो रागाने चुरगळलेला असतो.

दवाखाना नवा होता तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी मला स्वतःच्या हाताने लिहिलं. अक्कलदाढ काढून घरी जाणाऱ्याने काय पाळायचं, ते माझ्या अंगावर आहे, एका ओळीत एक सूचना. 'चोवीस तास चूळ भरू नये. थुंकू नये. नळीने पिऊ नये.' कारण दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. ती निघाली की खालचं हाड उघडं पडतं आणि माणूस कळवळतो. अकरा वर्षं माझ्या प्रती घरोघरी गेल्या. लोक त्या फ्रिजवर चिकटवायचे.

मग काउंटरवर नव्या ताई आल्या. त्यांच्या एका हातात कायम फोन. उरलेल्या हाताने त्या मला झेरॉक्सच्या काचेवर टाकतात. मी तिरका पडतो, उजवी कड कापली जाते. आणि आपल्या भाषेत नकार बसतो वाक्याच्या शेवटी. नेमका तोच जातो.

शुक्रवारी रेडिओवरच्या एका मुलीने दाढ काढली. सोमवारी ती पहिल्यांदाच सकाळच्या बातम्या वाचणार होती. सोबत मावशी होती, कागदावरचं अक्षरन् अक्षर पाळणारी. सोमवारी दोघी परत आल्या. मुलीचं तोंड उघडेना. बातम्या दुसऱ्याच कुणी वाचल्या होत्या.

"सूचना दिल्या होत्या ना? वाचल्या नाहीत?" ताईंनी फोन कानाला तसाच ठेवून विचारलं.

"वाचल्या म्हणूनच ही वेळ आली!" मावशीने प्रत आपटली. "हे बघा, 'चोवीस तास चूळ भरू'. दर तासाला भरायला लावली हिला, गजर लावून. पोरगी नको नको म्हणत होती. मीच ओरडले, डॉक्टरांपेक्षा तुला जास्त अक्कल आहे का?"

"होती," मुलगी गाल धरून पुटपुटली. "शुक्रवारी काढली."

डॉक्टरीणबाईंनी प्रत माझ्याशेजारी ठेवली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी हात जोडून माफी मागितली, खड्ड्यात औषध भरलं. ताई म्हणाल्या, "कागदच जुना झालाय हो. नीट उमटत नाही."

मी नीट उमटत नाही!

मित्रांनो, मी आजही स्वच्छ उमटतो, सरळ ठेवलं तर. त्या मुलीची सकाळ काही परत येणार नाही. तुमच्या हाती कागद पडला तर आधी वाक्य पुरं आहे का बघा. आणि ताई, झाकण पडतंय म्हणून घाईत सांगतो, निदान आता तरी मला काचेवर तिरकं टाकू