कबुतरांच्या फ्लॉप्या

गेझीना ओलेनडॉर्फ तरुणपणी ब्राउनश्वाइगच्या कॉम्प्युटर कारखान्यात होती. तिचं काम एकच. फ्लॉपी ड्राइव्हचं वाचणारं-लिहिणारं हेड जागेवर बसवायचं आणि स्क्रूवर लाल लाखेचा थेंब सोडायचा, म्हणजे ते पुन्हा हलायला नको. कारखाना बंद पडून जमाना लोटला, तरी जुन्या कॉम्प्युटरचे वेडे अजून कुठून कुठून तिच्याकडे ड्राइव्ह घेऊन यायचे. एका ड्राइव्हला मात्र हात लावायची तिला बंदी होती. ती ड्राइव्ह तिच्या थोरल्या भावाची, ती राहायची त्याच घरातली.

एकेहार्ट शर्यतीची कबुतरं पाळायचा. कुठलं पिल्लू कुठल्या जोडीचं, कोण किती लांबून परत आलं, सगळं त्या जुन्या कॉम्प्युटरवर. त्याच्या ड्राइव्हचं हेड फार वर्षांपूर्वीच केसभर सरकलं होतं आणि तेव्हापासून ती लिहायचीही केसभर बाजूलाच. त्यामुळे त्याच्या फ्लॉप्या जगातली दुसरी कुठलीच ड्राइव्ह वाचत नसे. आणि ही दुरुस्त करावी, तर मग हिलाही वाचता येणार नाहीत.

"निदान नव्या कॉम्प्युटरवर उतरवून तरी ठेवू," गेझीना म्हणायची.

"कशाला? तू आहेसच की!"

हे 'तू आहेसच की' तिच्या गळ्यात कधी पडलं, तिलाही सांगता आलं नसतं. आई आजारी होती म्हणून ती तात्पुरती राहायला आली होती. आई गेली, मग एकेहार्टचे गुडघे गेले. माळ्यावरच्या खुराड्याची शिडी त्याला चढवेना. दाणापाणी, विष्ठा खरवडणं, स्वयंपाक सगळं तिच्याकडे आलं. बॅगेतले कपडे कपाटात गेले.

मग कारखान्यातली मैत्रीण आल्मुट हिचा फोन आला. ती कुक्सहाफेनला समुद्राकाठी राहायची. तिच्या शेजारचं घर रिकामं झालं होतं आणि मालक महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. गेझीनानं जेवताना एकेहार्टला सांगितलं. तो पावावर लिव्हरचं सॉसेज पसरत राहिला.

"तिकडे वारा फार असतो," एवढंच म्हणाला.

त्याच आठवड्यात तो खोलीतून ओरडला, "गेझीना! ड्राइव्ह गेली!"

लाल दिवा लुकलुकत होता. हेड आत ठकठक डोकं आपटत होतं.

"आता लावू का हात?"

"लाव ना! विचारतेस काय?"

तिनं आधी केबल बदलून पाहिली. मग झाकण काढून हेड स्पिरिटनं पुसलं, दांड्यांना तेल दिलं. ठकठक तशीच. शेवटी ड्राइव्ह पालथी केली आणि तिचे हात थांबले. हेड सरकवणाऱ्या मोटरच्या दोन्ही स्क्रूंवरची लाख फुटली होती. म्हातारी लाख आपोआपही तडकते, पण स्क्रूच्या खाचेत ताजा ओरखडा चकाकत होता.

"एकेहार्ट, हे तू उघडलंस?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच विचारते."

तो दारात कॉफीचा कप धरून उभा होता. "थोडासाच फिरवला गं. वाटलं, तू बसवशील... बसवायला थांबशील."

"कुठल्या बाजूला फिरवलास?"

"आठवत नाही."

"अरे, बरोबर जागी बसवायचं असतं तर आत्ता बसवलं असतं! मला ते जुन्याच चुकीच्या जागी बसवायचंय. तुझी चूक कुणाला ठाऊक आहे जगात?"

ती कोट चढवून बाहेर पडली आणि ट्रामच्या थांब्यावर जाऊन बसली. एक ट्राम गेली, दुसरी गेली. निघून जावं, रडू दे त्याला कबुतरांच्या नावानं! पण डोक्यात भलतंच चाललं होतं. एकेहार्ट उजव्या हाताचा, वाकता येत नाही, म्हणजे ड्राइव्ह मांडीवर घेतली असणार, म्हणजे मोटर बहुतेक डावीकडे... आपलंच मन फितूर झालेलं पाहून तिला भावापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. ती उठली आणि घरी आली.

मग रोज तेच. केसभर फिरवायचं, फ्लॉपी घालायची, ठकठक ऐकायची, पुन्हा फिरवायचं.

"मालक विचारतोय," आल्मुट फोनवर म्हणाली.

"अजून थोडं थांबव त्याला."

"कबुतरं त्याची आणि खुराड्यात तू! शहाणी आहेस!"

महिना संपला. घर दुसऱ्या कुणाला तरी गेलं. गेझीनानं ते ऐकलं, फोन ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर पुन्हा उचलला.

नंतर एका दुपारी ठकठक थांबली. मोटर नुसती गुरगुरली आणि पडद्यावर ओळी सरकायला लागल्या. एकेहार्ट पडद्याला नाक लावून कबुतरांची नावं वाचत होता. "निळी लोटे... तिची आई... अगं, ही बेल्जियमहून परत आली होती, पंख फाटलेला!" त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गेझीनानं त्याला फार वेळ रडू दिलं नाही. केबल जोडली आणि एकेक फ्लॉपी नव्या कॉम्प्युटरवर उतरवायला घेतली.

"आता मी नसले तरी अडायचं नाही."

"पण ते घर तर गेलं ना?"

"गेलं."

त्यानं मान खाली घातली, पण त्याआधी त्याच्या चेहऱ्यावर जे सुटल्यासारखं उमटलं ते तिला दिसायचं ते दिसलंच. तिनं पुढची फ्लॉपी मागायला हात पुढे केला.

उन्हाळ्यात ती आल्मुटकडे आठवडाभर राहायला गेली. एका शेजारणीला खुराड्याची शिडी चढायला राजी केलं होतं. तरी रोज संध्याकाळी एकेहार्टचा फोन यायचा. मक्याचं पोतं कुठंय, करड्या नराला शिंका येताहेत, काय देऊ.

"उचलू नकोस ना," आल्मुट वैतागून म्हणाली.

"काल नव्हता उचलला," गेझीना म्हणाली, "मग रात्रभर माझाच डोळा लागला नाही."

रविवारी दोघी समुद्राच्या बांधावरून लांबपर्यंत चालल्या. आल्मुटनं स्टेशनवर विचारलं, दुसरं एखादं घर बघू का. गेझीना 'बघ' म्हणाली आणि ब्राउनश्वाइगच्या गाडीत बसली.